बगाधरच्या चहातला पिवळा तुकडा

त्या सकाळी बगाधर चेतिया सुपारीच्या झाडाशी भांडत होता.

"ज्यांच्या घरचं खाराचं पाणी माझ्या चहात उतरतं," तो झाडाला सांगत होता, "त्यांनी नीट ऐकून ठेवावं. तीनदा रोपं लावली, तीनदा मेली. आता गुरुवारी नामघरात काय ते होईल!"

कुंपणापलीकडे धाकट्या भावाच्या अंगणात हेमप्रभा कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एका लाल कोंबडीकडे बघून म्हणाली, "कोंबड्ये, ज्यांना चहा सांभाळता येत नाही त्यांनी दुसऱ्याच्या चुलीत नाक खुपसू नये, असं सांग बाई त्यांना."

कोंबडी काही बोलली नाही. सुपारीचं झाडही बोललं नाही. लग्न होऊन हेमप्रभा ह्या घरात आली तेव्हापासून हा प्रकार असाच चालू होता. मोठ्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनं त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सावलीसुद्धा एकमेकांवर पडू द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. एरवी ठीक असतं हो. दिराला चहा हवा असला की तो खांबाला सांगतो, आणि चहा येतो. पण भांडायचं झालं की अशी पंचाईत होते.

भांडणाचं मूळ होतं बगाधरच्या चहाच्या वाडीच्या मधोमध. बकुलनि गावात त्याच्या चहासारखा चहा कुणाचा नव्हता. छाटणी अशी सरळ की वर ताट ठेवलं तरी हलू नये. पण बरोबर मध्यावर एका अंगणाएवढा तुकडा होता, तिथं झाड धरतच नसे. पहिल्या वर्षी रोपं तग धरायची. दुसऱ्या वर्षी कोवळी पानं पिवळी पडायची, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. तिसऱ्या वर्षी उपटून चुलीत. सोनारीला जाणारे लोक रस्त्यावरून बघत आणि म्हणत, "बगाधरच्या डोक्याला टक्कल नाही, पण चहाला पडलंय." हे बगाधरच्या कानावर आलं होतं. चहा हा त्याचा जीव होता, आणि त्याला चहातलं कळत नाही असं कुणी हसतहसत म्हटलं तरी त्याला दोन दिवस जेवण जात नसे.

आणि हेमप्रभाचा खार. केळीच्या साली वाळवायच्या, जाळायच्या, ती राख भोक पाडलेल्या मडक्यात पेंढ्यावर भरायची आणि वरून पाणी सोडायचं. खाली थेंबथेंब जे गळतं तो खार. कच्च्या पपईत तो घातल्याशिवाय आमचं जेवण सुरू होत नाही. घरोघरी बायका करतात, पण हेमप्रभाच्या खाराला जो रंग यायचा तो कुणाला जमला नाही. आधी शेजारच्या मागायच्या, मग आठवड्याच्या बाजारातून मागणी आली, आणि आता तिच्या परसात छपराखाली मडक्यांची रांग लागली होती. मडकी धुतलेलं पाणी एका चरातून कुंपणाकडे जायचं. कुंपणापलीकडे बगाधरचा चहा.

बगाधरनं हे जोडलं. गावानंही जोडलं. तोंडी आरोप होता तोवर हेमप्रभा हसण्यावारी नेत होती. पण बगाधरनं त्या तुकड्यातली ओंजळभर माती चहा संशोधन केंद्रात पाठवली, आणि तिथून उत्तर आलं की मातीचा सामू सात पॉइंट तीन. चहाला माती आंबट लागते, सामू पाचाच्या आसपास. ही माती आंबट नाहीच, ही खाराच्या अंगाची आहे.

झालं! आता कुणाला आणखी काय हवं होतं? खारानं आंबटपणा मरतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर जेवताना खार पहिला आणि आंबट कालवण शेवटी, दोन्ही एका घासात नाहीत. गावबुढा म्हणजे गावचा मुखिया, तिलेश्वर बुढागोहाँइ, सज्जन माणूस. तोही मान हलवत म्हणाला, "मातीच बोलली म्हटल्यावर आपण काय बोलणार?" गुरुवार ठरला. हेमप्रभानं तबकात पान-सुपारी ठेवायची, नामघरात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर गुडघे टेकून मोठ्या दिराची माफी मागायची आणि खाराचं छप्पर उतरवायचं.

संध्याकाळी तिचा नवरा निलमणि पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"मैनाची आई," तो म्हणाला, "टेकून टाक गुडघे. काय झिजतं त्यात? दादा आहे तो. बाहेरच्यासमोर थोडंच टेकायचेत?"

"गाव बाहेरचं नाही का?"

"दोन मिनिटांचं काम. मग सगळं पूर्वीसारखं."

"आणि छप्पर?"

निलमणिनं आणखी एक सुपारी कातरली. मग अगदी हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय अशा आवाजात त्यानं विचारलं, "खरं सांग. तू काही टाकलं तर नाहीस ना? रागाच्या भरात? मी कुणाला सांगणार नाही."

हेमप्रभाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मोठ्या दिरानं झाडाशी हजार वेळा भांडावं, बाजारात बायकांनी तिच्या बाटल्यांकडे बघून कुजबुजावं, तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. हे मात्र आत खोल कुठंतरी जाऊन बसलं. ज्याच्या ताटात रोज ती पहिला खार वाढत आली त्यानं हे विचारावं?

"नाही टाकलं," ती म्हणाली.

"मग झालं तर," निलमणि म्हणाला. पण त्याच्या तोंडावर 'झालं' नव्हतं.

ती परसात गेली. चराच्या कडेनं कुंपणापर्यंत चालत गेली आणि नुसती उभी राहिली. फागुन लागला होता, छाटलेल्या चहाला नवी पालवी फुटत होती. बघता बघता तिच्या ध्यानात आलं की कुंपणालगतची, चराच्या तोंडाशी असलेली झाडं सगळ्यात टवटवीत होती. पिवळा तुकडा तिथून कितीतरी आत होता आणि मध्ये हिरव्या झाडांच्या रांगाच रांगा. तिचं पाणी विष असतं तर आधी कोण मेलं असतं? ते काय मधल्या झाडांना नमस्कार करून पुढे गेलं?

तिनं घरात येऊन निलमणिला हे सांगितलं. "दादाला सांगा."

"मी दादाला चहाचं शिकवू?" निलमणिनं डोळे मोठे केले. "वेडी आहेस का तू?"

मग तिनं कुणालाच सांगितलं नाही. सकाळी मोठ्या जावेला, तरुलताला, कुंपणाशी बोलावलं आणि ताई म्हणावं तसं म्हणाली, "बाइदेउ, तुमच्या चहातली मूठभर माती घेते, चराच्या तोंडाची. चोरली म्हणू नका."

तरुलता तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाली, "घे बाई. तेवढ्यानं काय उपाशी मरणार आहोत आम्ही? पण त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर सुपारीच्या झाडाला रात्रभर झोप मिळायची नाही."

दोघी हसल्या. नवऱ्यांचं वाजलं म्हणून जावांनी तोंड फिरवायचं हे तरुलताला कधी जमलंच नाही.

माती केळीच्या पानात बांधून हेमप्रभा बसनं संशोधन केंद्रात गेली. तिथले सल्लागार अनुपम दुवरा ह्यांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी माती पाण्यात ढवळली, यंत्राची कांडी बुडवली आणि आकडा बघितला.

"चार पॉइंट आठ. वा! ह्याला म्हणतात चहाची माती. कुणाची आहे?"

"ज्यांची सात पॉइंट तीन आली होती ना, त्यांचीच," हेमप्रभा म्हणाली. "त्याच वाडीतली. माझं खाराचं पाणी जिथं उतरतं तिथली."

दुवरांनी रुमाल खाली घेतला. तिनं सगळं सांगितलं, गुरुवारचंही. त्यांनी यंत्राची कांडी धुऊन ठेवली.

"नुसती मूठभर माती बघून मी काय सांगणार, बाइदेउ? त्यांनी पाठवली तेव्हाही मी आकडा सांगितला, कारण नाही सांगितलं. कारण बघायला जागेवर यावं लागतं."

"मग या."

"मला सर्दी आहे."

"आमच्याकडे येऊन शिंका," हेमप्रभा म्हणाली. "इथं शिंकून तरी काय फायदा?"

गुरुवारी सकाळी ते स्कूटरवरून आले, मागे लांबलचक लोखंडी गिरमिट बांधलेलं. बातमी आधीच पसरली होती. अर्धं गाव चहात उभं होतं. बगाधर छाती काढून पुढे झाला. सरकारी माणूस आपलाच साक्षीदार आहे असं त्याला वाटत होतं. हेमप्रभा बायकांत मागे, पदर कपाळापर्यंत ओढून.

दुवरांनी पिवळ्या तुकड्यात गिरमिट फिरवलं. वरची माती तपासली. "साडेसात."

"ऐका!" बगाधर गावाला म्हणाला.

मग त्यांनी गिरमिट आणखी खाली घातलं, कोपरापर्यंत हात जाईल इतकं. तिथली माती काळपट निघाली. तीही तपासली. "सातच्या वरच. खालीसुद्धा." त्यांनी त्या मातीतून काहीतरी उचललं, बोटांनी पुसलं. खापराचा तुकडा. मग कोळसा. मग भाजलेल्या मातीचं लालसर ढेकूळ.

"इथं कुणाचं घर होतं?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. तिलेश्वर गावबुढा डोकं खाजवत म्हणाला, "आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटतं. काळ्या आजारात इकडची एक वस्ती उठली म्हणायचे. पण कुठं ते कुणी दाखवलं नाही. बगाधरच्या बापानं जंगल तोडलं ते आम्ही बघितलं."

"जंगलाच्या आधी घर होतं, आणि घरात चूल होती," दुवरा म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्यांची राख इथं मुरली आहे. अशा जुन्या घरांच्या जागी चहा कधी लागत नाही. ही माती गरीब नाही बरं का. पालाश भरपूर, चुना भरपूर. केळ लावाल तर माजेल. पण चहाला ही श्रीमंती पचत नाही. लोह, मँगनीज सगळं जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून पान पिवळं. भरल्या ताटासमोर उपाशी."

बगाधरचा चेहरा पडला, पण हार मानायची त्याची तयारी नव्हती. "जुनी राख असेल तर ती धुपून जायला नको का इतक्या पावसांत? उलट दरवर्षी वाईट होत चाललंय. म्हणजे वरून कुणीतरी टाकतंय!"

"बरोबर," दुवरा म्हणाले. "वरचा थर खालच्यापेक्षा जास्त आहे. वरून पडतंय काहीतरी. तुम्ही काय काय घालता ह्यात?"

आता बगाधरला बोलायला जागा मिळाली. "काय नाही घातलं ते विचारा! शेणखत घातलं. युरिया घातला. झाडं पिवळी दिसली की जोर यावा म्हणून चुलीची राख, आमच्या दोन्ही चुलींची, वर्षभराची. त्यावर गिरणीतून भाताच्या तुसाची राख आणली, पोत्यांनी. खांद्यावर वाहिली मी. दुसऱ्या कुठल्या तुकड्याला नाही दिली, फक्त ह्याला!"

दुवरांना शिंक आली. मग दुसरी आली. नाक पुसून ते म्हणाले, "राख?"

"राखच. सुपारीला घालत नाही का आपण? केळीला? भोपळ्याच्या वेलाला? कुठल्या घरची राख वाया जाते सांगा!"

"कका," दुवरा अगदी मऊपणानं म्हणाले, "खार कशाचा करतात?"

वाऱ्यानं पिवळी पानं हलली तेवढी. मग बायकांमधून एक फिस्स आवाज आला. तरुलतानं पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. तिच्यामागोमाग सगळ्या बायका हसायला लागल्या, आणि मग पुरुषही.

"ती बिचारी गाळून बाटलीत भरते आणि विकते," दुवरा म्हणाले. "तुम्ही न गाळता पोत्यानं ओतलंत. कुंपणाकडची माती मी बघितली आहे, चार पॉइंट आठ. मडकी धुतलेल्या चार घागरी पाण्यानं इतक्या आंबट जमिनीला काही होत नाही. राख बंद करा. गंधक घाला, काही वर्षं थांबा, नाहीतर तेवढ्या तुकड्यात दुसरं काहीतरी लावा."

बगाधर तिथंच उभा राहिला. लोक पांगले तरी तो उभाच होता. मरणाऱ्या झाडांच्या मुळाशी त्यानं स्वतःच्या हातानं राख घातली होती, आणि झाडं जितकी पिवळी पडली तितकी जास्त घातली होती. हेमप्रभाला त्याची दया आली. आली, हे तिलाच आवडलं नाही.

पण गुरुवार होता. दिवेलागणीला नामघर भरलं. सुपारीचं तबक निलमणिनं सकाळीच सजवून ठेवलं होतं, हेमप्रभासाठी. ते मध्ये ठेवलेलं होतं. गावबुढा खाकरला.

"रीत अशी," तो म्हणाला, "की खोटा आळ घेणाऱ्यानं माफी मागायची. बगाधर, तूच बैठक बोलावलीस."

बगाधर उठला. गळ्यात गामोसा, मानाचं उपरणं, घालून तबकासमोर आला. सगळ्यांना ठाऊक होतं पुढं काय होणार. असं झालं की आळ घेणारा थोडा वाकतो आणि ज्याच्यावर आळ आला तो घाईघाईनं म्हणतो, "राहू द्या, राहू द्या, झालं ते झालं." गुडघा जमिनीपर्यंत जातच नाही. सुपारी वाटतात, सगळे घरी जातात. त्यात हा तर मोठा दीर, समोर धाकटी भावजय. तो वाकला तर तिलाच पाप.

बगाधर थोडा वाकला. थांबला.

सगळे हेमप्रभाकडे बघू लागले. पुरुषांच्या बाजूनं निलमणि खोकला. मग जोरात खोकला. तरुलतानं कोपरानं ढोसलं, "हेम, म्हण की गं." आता म्हणायचं होतं फक्त दोन शब्द. म्हटलं असतं तर बगाधर ताठ झाला असता आणि उद्यापासून पुन्हा सुपारीचं झाड. बाजारात जे बोललं गेलं ते हवेत राहिलं असतं, धड खरं नाही, धड खोटं नाही.

हेमप्रभा उभी राहिली. पदर कपाळावर होता, पण आवाज उघडा होता.

"बरजना," ती म्हणाली.

मोठ्या दिराला ह्या नावानं हाक मारतात. पण समोरून नाही, कधीच नाही.

"सावकाश टेका. आधी डावा. उजवा गुडघा दुखतो तुमचा."

बगाधरनं मान वर केली. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं असेल. त्याच्या डोळ्यांत राग असेल असं लोकांना वाटलं, पण राग नव्हता. त्यानं डावा गुडघा टेकला, मग कण्हत उजवा. कपाळ जमिनीला लावलं.

"बोवारी," धाकट्या भावजयीची ती हाक त्यानं जमिनीलाच मारली, आणि मग मान किंचित वळवून तिला म्हणाला, "माझं चुकलं. मला दुसऱ्या कुणाचं चुकलेलं हवं होतं."

हेमप्रभाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं ओझं उतरेल. थोडं उतरलंही. डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"मी मनात ठेवलं नाही," ती म्हणाली. "उठा."

बगाधरला उठता येईना. निलमणि लगबगीनं पुढे आला, भावाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, त्याचं धोतर झटकलं. सुटल्यासारखा हसला आणि तबक उचलायला वाकला, सुपारी वाटायला.

"ते खाली ठेवा," हेमप्रभा म्हणाली.

निलमणिनं वर बघितलं.

"त्यांना चहाचं दुःख होतं, म्हणून ते बोलले. आणि सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. तिचा आवाज आता कापत होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. "तुम्ही घरात, पायरीवर बसून विचारलंत. हळूच. मैनाचे बाबा, तुम्ही पण टेका."

निलमणिनं इकडेतिकडे बघितलं. कुणीही हसलं नाही, कुणी खोकलं नाही. बगाधर भिंतीला टेकून गुडघा चोळत होता.

तिलेश्वर गावबुढ्यानं निलमणिच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि पुन्हा मधोमध ठेवलं.